‘ट्रॅव्हलर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: स्कॉटलंडमधल्या ट्रॅव्हलर समाजाच्या लोककथांवर चित्रपट, नृत्य आणि संगीत मिळून एक प्रयोग झाला आहे. त्याची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. ‘ट्रॅव्हलर’साठी प्रवासी, भटके की जिप्सी? आणि ‘मौखिक लोककथा जिवंत करणे’ हे शीर्षकात बरोबर दिसेल का?

‘जिप्सी’ आधीच बाजूला ठेवा. हा शब्द ‘इजिप्शियन’वरून आला. युरोपात आलेले रोमा लोक इजिप्तचे आहेत अशा समजुतीतून तो पडला. रोमांची मुळं भारतात आहेत. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात, तेव्हा मराठी माणसाला ते चटकन आपलं वाटतं. पण आयरिश ट्रॅव्हलर रोमा नाहीत, ते मूळचे आयर्लंडचेच. स्कॉटलंडमधल्या ट्रॅव्हलरांच्या बोलीत रोमानी शब्द भरपूर असले, तरी अनेक कुटुंबं स्वतःला तिथलीच मानतात आणि आपल्या माणसांना ‘नॅकन’ म्हणतात. ‘टिंकर’ हा कथिलाचं काम करणाऱ्यांसाठीचा जुना शब्द आता शिवीसारखा लागतो. पात्राच्या तोंडी तो अपमान म्हणूनच आला असेल, तर उपशीर्षकातही तो तसाच बोचू द्या. ‘कल्हईवाला’ लिहिलंत तर अपमान विरून जाईल आणि समोरचं पात्र का भडकलं, हे प्रेक्षकाला कळणार नाही.

‘भटके’ हा शब्द जवळचा वाटतो, पण महाराष्ट्रात तो मोकळा राहिलेला नाही. ‘भटक्या जमाती’ हा सरकारी प्रवर्ग आहे. ‘विमुक्त’ या शब्दामागे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९५२ साली त्यातून झालेली सुटका आहे. तो इतिहास आपल्या लोकांचा आहे. शब्द उचलला की तो इतिहासही नकळत स्कॉटलंडवर चिकटतो. ‘फिरस्ते’ कानाला गोड आहे, पण गावगाड्याच्या वर्णनात तो बहुतेक वेळा गावाला भार झालेल्यांसाठी येतो. ‘प्रवासी’ तर एसटीच्या तिकिटावरचा शब्द. इंग्रजीत ‘ट्रॅव्हलर’चं पहिलं अक्षर मोठं लिहितात, त्यावरून हा कुणी वाटसरू नसून एका समाजाचं नाव आहे हे कळतं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. नाव जसंच्या तसं ठेवणं हीच आपली मोठ्या अक्षराची सोय.

म्हणून ‘ट्रॅव्हलर’च ठेवा. अडचण एकच, मराठी कानाला ट्रॅव्हलर म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅव्हल्स म्हणजे पुण्याची रात्रीची बस. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘ट्रॅव्हलर समाज’ लिहा, नंतर नुसतं ‘ट्रॅव्हलर’. अनेकवचनात ‘ट्रॅव्हलर्सचे’ टाळा, ‘ट्रॅव्हलरांचे’ वाचायला सोपं जातं. एका ओळीत चाळीसेक अक्षरं आणि एकावेळी दोनच ओळी मिळतात, त्यामुळे स्पष्टीकरण उपशीर्षकात कोंबू नका. ते सुरुवातीच्या पाटीवर टाका.

ट्रॅव्हलर आपल्या समाजाबाहेरच्या माणसांना ‘कंट्री हँटल’ म्हणतात. त्याला ‘स्थिर समाज’ हे अहवालातलं मराठी लावू नका आणि ‘घरंदाज’ तर मुळीच नको, त्यात कुळाचा मान आहे. ‘गाववाले’ नेमका बसतो. हेझेल झाडाच्या फांद्या जमिनीत खोचून, वाकवून, वर कापड टाकून केलेल्या बिऱ्हाडाला ‘तंबू’पेक्षा ‘पाल’ म्हणा. तंबू म्हटलं की सर्कस किंवा लष्कर आठवतं.

या समाजातल्या भयकथांमधले ‘बर्कर’ हे भूत नव्हे आणि चोरही नव्हे. एडिंबरात १८२८ साली बर्क आणि हेअर यांनी १६ माणसं मारून प्रेतं शरीररचनेच्या शिक्षकाला विकली. त्यानंतर ‘डॉक्टरांची काळी बग्गी रात्री पालांवर येते’ अशा गोष्टी पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. ‘बर्कर’ तसाच ठेवा, पहिल्या वेळी ‘प्रेतासाठी माणूस मारणारे’ एवढं पुरे. ‘पोरं पळवणारी टोळी’ लिहिलंत तर भीतीचं कारणच बदलतं.

आता शीर्षक. ‘मौखिक’ शास्त्रीय वाटतं, पण त्याला पर्याय नाही. ‘तोंडी’ने परीक्षा आठवते आणि ‘सांगोवांगी’त तर खरेपणाचीच शंका आहे. खटकतं ते ‘जिवंत करणे’. त्यातून गोष्ट मेली होती असं निघतं. स्कॉटलंडमध्ये लोकगीतांचे संग्राहक हॅमिश हेंडरसन यांनी १९५३ साली ट्रॅव्हलर गायिका जीनी रॉबर्टसन यांचं गाणं ऐकलं आणि १९५५ साली ब्लेअरगाउरीच्या रासबेरीच्या मळ्यांवर ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा तिथे शेकोटीभोवती गाणी आणि गोष्टी रोज चालूच होत्या. त्या कुणी उठवाव्या लागल्या नाहीत. मराठीत आपण प्रसंग ‘उभा’ करतो, गोंधळी आख्यान ‘लावतो’. म्हणून ‘ट्रॅव्हलरांच्या मौखिक कथा: चित्रपट, नृत्य आणि संगीतातून उभ्या केलेल्या’ हे मला सरस वाटतं. ‘नाट्यरूपांतर’ नको, कारण नाचणारा गोष्टीचं रूप बदलत नाही, ती अंगाने सांगतो.

संगीतात दोन जागा फसवतात. वाद्य नसताना नाचासाठी तोंडाने धून धरतात, त्याला ‘डिडलिंग’ म्हणतात. त्या अक्षरांना अर्थ नाही, ती उपशीर्षकात उतरवू नका. कंसात ‘तोंडाने धून’ पुरेसं आहे. इथे ‘बोल’ लिहिलंत तर वाचणारा गाण्याचे शब्द शोधत बसेल.

दुसरी जागा ‘कॉनयाख’. गाणाऱ्याच्या आतून येऊन ऐकणाऱ्याला भिडणाऱ्या भावासाठी हा ट्रॅव्हलरांचा शब्द आहे. ट्रॅव्हलर गायिका शीला स्टुअर्ट यांनी तो आवर्जून वापरला. ‘आर्तता’त अभंगाची हाक मिसळते, ‘दर्द’ गझलेकडे ओढतो. मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा ‘कॉनयाख, काळजातला सूर’ असं द्या.

शेवटी बोलीबद्दल. ट्रॅव्हलरांच्या ‘कँट’ या बोलीला गुप्तभाषा म्हटलं की गुन्ह्याचा वास येतो. आपल्या व्यापाऱ्यांच्या नंदभाषेला आपण तो लावत नाही. पात्रं ‘आपली बोली’ म्हणतील असंच लिहा. एखाद्या दृश्यात गाववाला समोर उभा आहे आणि त्याला कळू नये म्हणून कँटमधला शब्द टाकला आहे, तर तो शब्द देवनागरीत तसाच ठेवा, अर्थ तिथे देऊ नका. गाववाला गेल्यावरच्या संवादातून तो उलगडत असेल तर बरंच. उलगडत नसेल, तर दृश्य संपल्यावरच्या पहिल्या ओळीत द्या.