वाचक विचारतात : रानमांजर आणि लांडगा

प्रश्न : रानमांजर आणि लांडगा हे दोघेही जंगलातले मांसाहारी प्राणी असूनही मांजर एकट्याने आणि लांडगे कळपाने का राहतात? त्यांतला अधिक कुशल शिकारी कोणता? दोघे समोरासमोर आले तर काय होईल? आणि रानमांजर पाळीव मांजरापासून वेगळे ओळखायचे कसे?

उत्तर : रानमांजर या नावाखाली अनेक जाती मोडतात. येथे युरोपातील फेलिस सिल्व्हेस्ट्रिस ही जात धरली आहे, कारण ती आणि लांडगा कित्येक ठिकाणी एकाच जंगलात राहतात. झुंजीचा प्रश्न लवकर मिटणारा आहे. रानमांजराचे वजन साधारण ३ ते ७ किलो आणि तिकडच्या लांडग्याचे ३० ते ५० किलो असते, त्यामुळे मांजर लढण्याच्या भानगडीत न पडता झाडावर चढते आणि लांडग्याला झाडावर चढता येत नाही.

एकटेपणाचे आणि कळपाचे मूळ मात्र भक्ष्याच्या आकारात आहे. रानमांजराचे मुख्य अन्न म्हणजे उंदरांसारखे छोटे प्राणी. पंचवीस-तीस ग्रॅमचा उंदीर दोघांत वाटून खाण्यात कोणाचेच पोट भरणार नाही. याउलट शंभर किलोंहून भारी सांबरवर्गीय हरीण पाडणे एकट्या लांडग्याला अशक्य नसले तरी जोखमीचे असते, आणि ते पडले की मांस साऱ्या कुटुंबाला पुरते. कुटुंब हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. कळपात सतत सत्तेसाठी मारामाऱ्या चालतात आणि जिंकणारा म्होरक्या होतो, ही समजूत मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून रूढ झाली होती. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले, हे संशोधक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्टपणे मांडले. बाप आणि थोरली भावंडे खाल्लेले मांस ओकून लहानग्यांना भरवतात. रानमांजराची पिल्ले मात्र एकटी आईच वाढवते आणि चार-पाच महिन्यांत ती आपापल्या वाटेने जातात.

शिकारीचे तंत्र दोघांच्या हाडांत आणि दातांतच दिसते. गवतात दबा धरून बसलेले मांजर बराच वेळ हलत नाही. फक्त कान आवाजाच्या दिशेने वळतात. मग एकच झेप घेऊन ते नख्या बाहेर काढते आणि उंदराला दोन्ही पंजांत धरते. आपण मनगट फिरवतो तसा पुढचा पाय फिरवणे त्याला जमते, त्यामुळे भक्ष्याची मान नेमकी तोंडाशी आणता येते. सुळे मणक्यांच्या फटीत शिरले की क्षणात सारे संपते. लांडग्याच्या पुढच्या पायाला असे वळण जवळजवळ नाही आणि त्याच्या नख्या आत ओढल्या जात नाहीत. पण तेच ताठ, लांब पाय त्याला एका रात्रीत कित्येक किलोमीटर चालवतात. पकडण्याचे सारे काम जबड्यानेच करावे लागत असल्याने, आणि मोठ्या जनावराला एका चाव्यात संपवणे शक्य नसल्याने, लांडगे मांड्या, कुशी, नाक, गळा असे मिळेल तिथे धरून लोंबकळतात. ‘लांडगेतोड’ हा आपला शब्द किती नेमका आहे, हे यावरून कळावे.

दातांची संख्याही बोलकी आहे : मांजराला ३०, लांडग्याला ४२. मांजराच्या दाढा केवळ मांस कातरतात, तर लांडग्याच्या मागच्या दाढा हाडे फोडतात, प्रसंगी रानफळेही चावतात. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण त्यासाठी लागणारा जनुक त्याच्यात निकामी झालेला आहे.

कौशल्य म्हणजे एकट्याने अचूक काम करणे असेल, तर माझे मत मांजराला. लांडग्यांचे बहुतेक पाठलाग फसतात. मात्र एकदा साधले की एक लांडगा ९ किलोंपर्यंत मांस खाऊन पुढचे काही दिवस उपाशी काढू शकतो, आणि मांजराला ही चैन परवडत नाही.

शेवटचा प्रश्न कठीण आहे, कारण रानमांजराचा पाळीव मांजरांशी संकर होतो; स्कॉटलंडमध्ये तर त्यामुळे शुद्ध रानमांजर जवळपास नाहीसे झाले आहे. लांडग्यालाही कुत्र्यांशी होणाऱ्या संकराचा असाच धोका आहे. रानमांजर ओळखताना आधी शेपूट पाहावे : ते जाड, झुबकेदार, टोकाशी बोथट व काळे असते, त्यावर ठळक काळी वलये असतात आणि पाठीच्या कण्यावरून आलेला काळा पट्टा शेपटाच्या मुळाशीच थांबतो. पाळीव पट्टेरी मांजराचे शेपूट निमुळते असते व तो पट्टा बहुधा शेपटावरही पुढे जातो.