टंचाईच्या यादीत माझं काम आहे, मग नोकरी का नाही?

"मॅडम, इथं माणसं मिळत नाहीत अशी रोज ओरड असते. मग मी कुणालाच का नको?"

जर्मनीत मेकॅनिकलची मास्टर्स झालेल्या एका मुलीचं व्हिडिओ कॉलवरचं हे पहिलं वाक्य. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथं १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तिचे सात महिने संपले होते. १४० अर्ज केले, मुलाखती आल्या दोन. घरचे रोज फोनवर सांगत होते, "आयटीचा कोर्स कर, तिकडे टंचाई आहे म्हणतात." बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. हाच प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून तिला विचारून, ओळख पुसून लिहिते आहे.

आधी आम्ही टंचाईची यादी मिळून वाचली. तिथलं केंद्रीय रोजगार खातं दरवर्षी ती काढतं. जागा किती दिवस रिकामी राहते, त्या कामातले बेरोजगार किती, पगार कसे वाढले, यावरून प्रत्येक कामाला गुण मिळतात. पण एकाच क्षेत्रातलं काम पातळीनुसार वेगवेगळं मोजलं जातं. दोन-तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेले वेगळे, मास्टर्सवाले वेगळे. यादीतली बहुतेक नावं पहिल्या पातळीवरची आहेत: नर्स, इलेक्ट्रिशियन, हीटिंग बसवणारे. ती जी बातमी वाचून आशा धरत होती, ती मुख्यतः या माणसांबद्दल होती. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मग तिचे अर्ज पाहिले. जवळपास सगळे श्टुटगार्ट आणि म्युनिकच्या मोठ्या वाहन कंपन्यांना, आणि इंग्रजीत. वाहन उद्योग स्वतःच माणसं कमी करत होता. जर्मन भाषा ए-टूवर, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीवर अडकलेली. तिच्या प्रबंधात मात्र यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रणाचं चांगलं काम होतं, आणि बायोडेटात त्याला शेवटी एक ओळ!

मी तिला कोर्स करू नकोस म्हणाले. हातात ११ महिने असताना नव्या क्षेत्रात शून्यापासून सुरुवात करायची, तर तिथंही अनुभव नसलेल्यांच्याच रांगेत उभं राहावं लागलं असतं. त्याऐवजी नियंत्रणाचं काम बायोडेटाच्या डोक्यावर घेतलं. या परवान्यावर कुठलंही काम करता येतं, म्हणून तिनं खर्चापुरती अर्धवेळ नोकरी धरली आणि संध्याकाळी बी-वनचा, म्हणजे भाषेच्या पुढच्या पातळीचा वर्ग. अर्ज कमी केले. लहान गावांतल्या, यंत्रं बनवणाऱ्या मध्यम कंपन्यांना, जाहिरात नसली तरी जर्मनमध्ये पत्र. अशा कारखान्यांत फिटरशी, ग्राहकाशी जर्मनमध्येच बोलावं लागतं. तिथं भाषा हा कामाचाच भाग.

तिची आणखी एक भीती होती: ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना तिथं राहून काम करायला मिळणाऱ्या परवान्यासाठी, किमान पगाराच्या अटीत सवलत फक्त टंचाईच्या कामांना आहे, आपल्याला नाही. तसं नाही. पदवी मिळून तीन वर्षं व्हायची आहेत अशांनाही ती सवलत आहे. २०२५ साली ती मर्यादा वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती. हे कळल्यावर पगार बोलताना तिचा गळा आवळेनासा झाला.

तेराव्या महिन्यापर्यंत काहीच घडलं नाही. त्या काळात आम्ही दोनदा फक्त झोपेबद्दल आणि आईच्या फोनबद्दल बोललो. चौदाव्या महिन्यात पॅकेजिंग यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला घेतलं, त्या मर्यादेच्या वरच्या पगारावर.

आता ती ज्यांच्या हाताखाली शिकते ते गृहस्थ १९६४ सालचे. त्या एका वर्षी दोन्ही जर्मनी मिळून १३ लाखांहून जास्त मुलं जन्मली होती, आणि ही पिढी आता निवृत्तीला टेकली आहे. त्यांची बोली तिला अजून नीट कळत नाही. परवा सांगत होती, न कळलेलं वाक्य ती वहीत जसंच्या तसं उतरवते आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनाच विचारते.