उजवी कॅरोटिड सापडत नसेल तर

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

पक्ष्यांच्या धमन्यांची, त्यातही मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांची, तुलना करायला कोंबडी, बदक आणि झेब्रा फिंच ही निवड चांगली आहे. तिन्ही पाळीव, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीची भानगड नाही. रस्त्यात मेलेली साळुंकी मात्र उचलून आणू नकोस. वन्य पक्षी मेलेला असला तरी वनखात्याची परवानगी लागते आणि मरणाचं कारण माहीत नसेल तर बर्ड फ्लूची भीती असतेच.

चिकनच्या दुकानातून कोंबडी आणलीस तर ती सोलू देऊ नकोस, पोटही फाडू देऊ नकोस. मान चिरलेली असणारच. चिरलेल्या रक्तवाहिन्यांची दोन्ही टोकं दोऱ्याने घट्ट बांध, नाहीतर लॅटेक्स (वाहिन्यांत भरून घट्ट होऊ द्यायचं पातळ रबर) तिथूनच वाहून जाईल. आधी 0.9 टक्के मिठाचं कोमट पाणी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) महाधमनीत सोड आणि बाहेर पडणारं पाणी निवळ दिसेपर्यंत धुऊन काढ. मग लाल लॅटेक्स हळूहळू भर. आतड्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या लाल दिसल्या की थांब. त्यानंतरही दाबत राहिलास तर वाहिनी फुटते. फिंच जेमतेम 12 ग्रॅमची, तिला इन्सुलिनची सुईच हवी.

छाती उघडताना घाई नको. पेक्टोरल धमनी छातीच्या मोठ्या स्नायूत आतल्या बाजूने शिरते, तो स्नायू खेचून काढलास तर ती मुळातून तुटते. कोराकॉइड (खांदा आणि छातीचं हाड यांना जोडणारं) हाड खांद्याजवळ काप आणि छातीचं हाड हळूहळू वर उचल. पक्षी उताणा असतो, म्हणजे त्याचं डावं तुझ्या उजव्या हाताला. खूण सोपी: पक्ष्यांत महाधमनी उजवीकडेच वळते.

आता मुख्य गोष्ट. कोंबडी आणि बदकात दोन्ही कॅरोटिड मानेच्या मणक्यांखालच्या खोबणीत शेजारी-शेजारी वर जातात. फिंचमध्ये, किंबहुना जवळजवळ सगळ्या गाणाऱ्या पक्ष्यांत, तिथे फक्त डावी जाते. पण उजवीकडच्या धमनीचं खोड असतंच. त्यातून थायरॉइडला आणि अन्ननलिकेला बारीक फांद्या जातात. या फांदीलाच कॅरोटिड समजून 'दोन्ही आहेत' असं लिहिणारे बरेच भेटतील. उलट चूकही होते: रक्ताची गाठ अडकली, लॅटेक्स पुढे गेलं नाही आणि कोंबडीला 'उजवी नाही' म्हणून टाकलं! म्हणून लॅटेक्स घट्ट झाल्यावर मान मधोमध आडवी काप आणि मणक्याखाली लाल ठिपके मोज, एक की दोन. खोबण रिकामी आणि बाकी वाहिन्या पूर्ण भरलेल्या असतील, तरच 'नाही' लिही.

ठिपके मोजून नातं जुळवायला मात्र जाऊ नकोस. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ गॅरॉडने 1873 मध्येच या धमन्यांची कुळवार तुलना केली होती. सुतारपक्षी आणि टिबुकली यांच्यातही डावीच असते, पण म्हणून ते फिंचचे भाऊबंद ठरत नाहीत. बिटर्न या बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्यात तर दोन्ही धमन्या पुढे मिळून एक होतात. तिथे मधला काप एकच ठिपका दाखवेल, म्हणून मानेच्या तळाशीही एक काप घे.

जाडीची तुलना टाळ. ब्रॉयलरचे छातीचे स्नायू निवडपैदाशीने वाढवलेले असतात, शिवाय लॅटेक्सच्या दाबानेही वाहिनी फुगते. कुठली फांदी कुठून निघते, एवढंच नोंदव, आणि प्रत्येक आकृतीवर 'पक्ष्याचं डावं' असा बाण काढ.

तुझा,
शुभचिंतक