चार थर्मामीटर, चार आकडे: खरा कुठला?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडमध्ये दुपारी तीन वाजता गाडीचा डॅशबोर्ड ४४ दाखवतो, गॅलरीतला काचेचा थर्मामीटर ४१, हवामान खात्याचा शिवाजीनगरचा आकडा ३९ आणि नवी इन्फ्रारेड गन गच्चीच्या फरशीवर रोखली तर ५८. यातलं खरं कुठलं, आणि गन परत करावी का?

चारही खरे असू शकतात. थर्मामीटर हवेचं किंवा पाण्याचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. त्याला हवेइतकंच तापू देणं, जास्त नाही, ही जबाबदारी लावणाऱ्याची. म्हणून वेधशाळेत तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. वारा खेळतो, ऊन लागत नाही. तुमच्या गॅलरीतला तापलेल्या भिंतीला टेकलाय, शेजारी एसीचं आउटडोअर युनिटही असेल. तो भिंतीची बातमी देतोय. गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरमागे असतो. सिग्नलला उभं राहिलात की डांबराची आणि इंजिनाची धग त्याला लागते. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवून मग बघा, आकडा उतरलेला दिसेल.

आतली यंत्रणा प्रत्येकाची वेगळी. काचेच्या नळीत पारा किंवा रंगवलेलं अल्कोहोल प्रसरण पावतं. पारा उणे ३९ च्या आसपास गोठतो, म्हणून अतिथंड ठिकाणी अल्कोहोल वापरतात. गाडीत आणि तापाच्या डिजिटल थर्मामीटरमध्ये थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा विद्युतरोध झपाट्याने कमी होतो. कारखान्यात जिथं अचूकपणा हवा तिथं प्लॅटिनमचा आरटीडी, म्हणजे तापला की विद्युतरोध ठरावीक प्रमाणात वाढणारा सेन्सर: त्यातल्या पीटी हंड्रेडचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला साधारण १३८.५.

भट्टीत मात्र थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या की ते टोक आणि दुसरं टोक यांच्या तापमानातल्या फरकानुसार किंचित व्होल्टेज मिळतो. झेबेकने हा परिणाम १८२१ मध्ये पाहिला. के टाइप या नेहमीच्या थर्मोकपलला एका अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे थर्मोकपल फक्त फरक सांगतो, दुसऱ्या टोकाचं, म्हणजे मीटरच्या पॅनेलकडचं तापमान मीटरला वेगळं मोजून त्यात मिळवावं लागतं. भोसरीच्या वर्कशॉपांत हमखास दिसणारा घोळ इथलाच: कंपेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून मीटरपर्यंतची, त्याच्यासारखाच व्होल्टेज देणारी तार) संपली म्हणून कोणीतरी साधी तांब्याची वायर जोडतो. भट्टीवरचं जोडणीचं डोकं ६० अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल, तर फरक डोक्यापर्यंतचाच मोजला जातो, भट्टी जवळपास २५ अंश कमी दिसते आणि ऑपरेटर बिचारा आणखी तापवत बसतो.

आता गन. स्वतःचं तापमान सांगण्याच्या नियमाला हिचा निम्माच अपवाद, कारण ती समोरच्या पृष्ठभागावरून येणारी उष्णतेची प्रारणं मोजते. हवेचं तापमान ती सांगूच शकत नाही. लाल लेझर फक्त नेम धरायला, मोजमापाशी त्याचा संबंध नाही. गनवर १२:१ लिहिलं असेल तर बारा फुटांवरून ती एक फूट व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देते. काचेतून रोखली तर काचेचं तापमान मिळतं. चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर तर साफ फसते, कारण स्टील स्वतः कमी प्रारणं सोडतं आणि ओट्यावरच्या भिंतीची परावर्तित करतं. पातेल्याला काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर रोखा. (कोविडच्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर भर उन्हातून आलेल्याच्या कपाळावर गन रोखून ‘ताप’ शोधायचे, त्यातून काय कळत होतं ते तुम्हीच ठरवा.)

ताप बघायला गन नकोच. साधा डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरा, गरम चहानंतर पंधरा मिनिटं थांबून. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो.

स्वयंपाकाचा थर्मामीटर तपासायचा असेल तर थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घाला, ढवळा आणि टोक मधोमध धरा. शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० आले नाहीत म्हणून तो टाकून देऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. सिंहगडावर साडेपंच्याण्णवच्या जवळपास.

गन परत करू नका. लोखंडी तव्याचा काळा, तेलकट पृष्ठभाग तिला मानवतो, आणि डोसा घालण्याआधी तवा कुठे जास्त तापलाय ते तिच्याइतकं पटकन दुसरं काही सांगणार नाही.