वर्णमाला पाठ आहे पण क्रम कळत नाही - माझा अनुभव

मुलाला वर्णमाला पाठ आहे पण मधलंच अक्षर विचारलं की पुढचं सांगता येत नाही, काय करू, हा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण असं एक तरी मूल दरवर्षी माझ्या वर्गात असतं. पाच वर्षांचा मुलगा, क ते ज्ञ घडाघडा म्हणतो, पण 'त नंतर काय?' विचारलं की गाडी परत क पासून सुरू. त्याचं काही चुकत नाहीये हो, त्याला ते गाणं म्हणून पाठ आहे आणि गाणं मधूनच उचलता येत नाही. मी स्वतः डिक्शनरी उघडली की अजून मनातल्या मनात एल एम एन ओ पी गुणगुणते, खोटं कशाला बोलू.

तर तक्ता ठेवा बाजूला आणि एका वेळी एकच ओळ घ्या, पाच अक्षरं, बास.

ऊन असेल तेव्हा एक जाडा ब्रश आणि वाटीभर पाणी द्या आणि तापलेल्या फरशीवर त थ द ध न लिहायला सांगा. जे आधी लिहिलं ते आधी वाळतं, म्हणजे त गायब, मग थ... आणि पोरं आपोआप ओरडायला लागतात 'आता द जाणार!' इथे 'पुढचं कोण' हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागत नाही, तो उन्हानेच विचारलेला असतो. एका मुलीने त वर एवढं पाणी ओतलं की न उडाला तरी त तिथेच, आणि बाकीची पोरं तिच्यावर चिडली, 'तू लाइन मोडलीस' म्हणून. क्रम डोक्यात गेला हे मला त्या भांडणावरून कळलं, कुठल्या टेस्टवरून नाही.

पावसाळ्यात माझा आवडता खेळ दोरी आणि कपड्यांचे चिमटे. चित्रांची कार्डं करायची - गडगडाट, छत्री, ढग, पाऊस, बेडूक, वीज - आणि दोरीवर पहिल्या अक्षराच्या क्रमाने लटकवायची. खरी मजा नंतर, सगळं लागलं की हळूच चिखलाचं कार्ड हातात द्यायचं. मूल दोरीपाशी उभं राहतं, पुटपुटतं, ग च्या पुढे जातं, छत्रीपाशी थांबतं, मग छत्री ढग सगळे एकेक चिमटा काढून सरकवतं. त्या सरकवण्यातच सगळं आहे! त्यामुळे दोरीवर मुद्दाम जागा सोडून ठेवू नका. पहिलं अक्षर सारखं असलेले शब्द (वारा आणि वीज) बाराखडी पक्की होईपर्यंत नकोच.

कागदी होड्यांवर अक्षरं लिहून डबक्यात सोडायचा प्रकारही केलाय, पण स्केचपेनने लिहिलं तर दोन मिनिटांत निळं पाणी आणि रडारड, मेणाचे खडू वापरा. पानगळीत पानांवर अक्षरं लिहायची तर नुकतंच पडलेलं पान घ्या, कडक वाळलेल्याचा हातातच चुरा होतो.

थंडीत काचेवर हा करून वाफ धरायची आणि ती विरायच्या आत बोटाने आधीचं किंवा नंतरचं अक्षर लिहायचं, पण हे पाच अक्षरं हातात बसल्यावर.

आणि ओळींचा क्रम, म्हणजे क ची ओळ आधी आणि प ची नंतर असं का, हे आपल्याकडे चक्क तोंडात सापडतं. क घशापाशी, च टाळूला, ट जीभ वर वळवून, त दातांना, प ओठांवर. आतून बाहेर प्रवास. आरसा द्या हातात आणि बोलू द्या. हे म ​पर्यंतच चालतं, य पासून पुढचं सरळ पाठ करून घ्या, आणि क्ष ज्ञ चं आत्ता डोक्यात घालू नका, ती जोडाक्षरं आहेत, काही शब्दकोशांत क आणि ज मध्येच सापडतात, मग मोठी माणसंसुद्धा गोंधळतात.

इंग्रजीच्या २६ अक्षरांनाही दोरीचा खेळ तसाच चालतो, फक्त दोन्ही लिप्या एकाच आठवड्यात दोरीवर नकोत.