मराठी साइटसाठी मुक्ता फॉन्ट टर्मिनलवरून प्रोजेक्टमध्ये कसा आणायचा?

गूगल फॉन्ट्सचा दुवा न देता फॉन्ट स्वतःच्याच सर्व्हरवरून द्यायचा असेल, तर फॉन्टसोर्स (फॉन्ट पॅकेजच्या रूपात देणारा प्रकल्प) वापरा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारी कमांड) फॉन्टसोर्सचं मुक्ता पॅकेज इन्स्टॉल करा आणि मुख्य जेएस फाइलीत ते इम्पोर्ट करा. नुसतं पॅकेज इम्पोर्ट केलं तर फक्त 400 वजन (साधी जाडी) येतं. मग ठळक मथळे ब्राउझर स्वतःच फुगवतो, शिरोरेषा जाड होते आणि 'क्ष्म'सारखी जोडाक्षरं बुजतात. म्हणून 700 ची (ठळक) सीएसएसही वेगळी इम्पोर्ट कराच.

हाताशी फक्त टीटीएफ (साधी फॉन्ट फाइल) असेल तर पायथनचं फॉन्टटूल्स हे पॅकेज घ्या, सोबत फाइल आवळणारं ब्रॉटलीही लागेल. त्यातली पायएफटीसबसेट ही कमांड नको ती चिन्हं काढते आणि फ्लेवर वॉफ2 सांगितला तर वॉफ2 (वेबसाठीची छोटी फॉन्ट) फाइल देते. तिला यू+0900 ते 097एफ एवढीच (देवनागरीच्या युनिकोड क्रमांकांची) रेंज देऊन थांबू नका. 200सी, 200डी (जोडाक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं) आणि रुपयाचं 20बी9 घाला. जुन्या मजकुरात 'दऱ्या'मधला र बऱ्याचदा 200डी वापरूनच टाइप केलेला असतो. इंग्रजी आकडे हवे असतील तर 0020 ते 007ई सुद्धा.

आणि एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' लिहा. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते त्याशिवाय दिसत नाहीत.