लिनोकट शिकण्यासाठी एकट्याची कार्यशाळा घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की चित्रकलेचं शिक्षण झालेलं नाही, व्हिडिओ बघून घरी लिनो कापून पाहिला, पण छाप डागाळलेले येतात. (लिनो म्हणजे लिनोलियमचा तुकडा. तो कोरून, त्याला शाई लावून, वर कागद ठेवून घासला की चित्र कागदावर उमटतं, तोच लिनोकट.) मग शिक्षकाकडे एकट्याने बसून शिकण्यासाठी पैसे खर्च करावेत का? माझं उत्तर आहे, जरूर करा. मी पुण्यात एका मुद्राचित्रकार, म्हणजे असे छाप काढणाऱ्या, बाईंकडे दोन रविवार शिकले. त्याआधी घरी तीन लिनो वाया गेले होते, आणि का गेले ते मला सांगता येत नव्हतं.

पहिला तासभर त्यांनी हत्यार हातात दिलंच नाही. मी आजीच्या अडकित्त्याचं चित्र पेन्सिलीने काढून नेलं होतं. त्यांनी पुढ्यात काळी शाई आणि ब्रश ठेवला. म्हणाल्या, "यातलं काळं कुठलं आणि पांढरं कुठलं, ते आधी ठरवा." मला ठरवता येईना. पेन्सिलीत करडी छटा सहज मिळते. लिनोत कापाल ते पांढरं, ठेवाल ते काळं. करडं हवं असेल तर रेघा दाट-विरळ घेऊन त्याचा भास करावा लागतो. मग त्यांनी चित्रकार नंदलाल बोसांचा 1930 सालचा दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट समोर ठेवला. पार्श्वभूमी सगळी काळी, आणि काठी घेऊन निघालेले बापू पांढऱ्या रेघांत. हे चित्र मी कितीदा तरी पाहिलेलं, पण त्यातली प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे कोरून काढलेला लिनो आहे, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

लिनो जवसाचं तेल, बुचाचा भुसा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर थापलेला असतो. मुळात ती जमिनीवर अंथरायची वस्तू. थंडीत तो कडक होतो, म्हणून बाईंनी तो आधी दहा मिनिटं उन्हात ठेवायला लावला. मग हत्यार लोण्यातून गेल्यासारखं सरकलं. खोल कापायचं नाही. खालचं तागाचं कापड दिसलं, तर प्रमाणाबाहेर गेलात. गोलाई कापताना हत्यार स्थिर धरून दुसऱ्या हाताने लिनो फिरवायचा, आणि तो हात कायम पात्याच्या मागे. हे सगळं मी व्हिडिओत ऐकलं होतं. पण माझा डावा हात नकळत पुढे सरकतोय, हे व्हिडिओ कसा सांगणार? बाईंनी तो पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा मागे ओढला.

तुमच्या डागांचं कारण बहुधा शाईत आहे. माझंही तेच होतं. बाई म्हणाल्या, "बघू नका, ऐका." काचेवर शाई पसरून रोलर फिरवला की आधी पचपच असा ओला आवाज येतो, शाई जास्त आहे. पसरत पसरत ती पातळ झाली, की तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर होते तशी बारीक, एकसारखी चरचर सुरू होते. तेव्हाच रोलर लिनोवर न्यायचा, आणि एकदाच भरपूर लावण्यापेक्षा पातळ थर तीन-चारदा द्यायचे. पाण्यात धुतली जाणारी शाई आपल्या उन्हाळ्यात काचेवरच वाळायला लागते, म्हणून मे महिन्यात पंखा बंद ठेवून काम करा. तेलाच्या शाईला वेळ मिळतो, पण छाप वाळायला काही दिवस जातात.

कागदाबाबत एक सांगते. जाड, खडबडीत हातकागद फार देखणा असतो, पण प्रेसशिवाय, म्हणजे दाबयंत्राशिवाय, नुसत्या चमच्याच्या पाठीने घासून त्यावर भरीव काळं उतरवणं नवख्याला जड जातं. सुरुवातीला पातळ, गुळगुळीत कागद घ्या. घासताना शाई मागून किंचित दिसायला लागते, त्यावरून कुठे राहिलं ते कळतं.

आणि चित्रात अक्षरं असतील, तर ट्रेसिंग पेपर उलटा करूनच लिनोवर उतरवा. अडकित्त्याखाली मला आजीचं नाव हवं होतं. वेलांट्या उलट्या बाजूला कोरताना हात अडखळत होता, तरी छापात ते सरळ आलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते नुसतं वाचत बसले.

जाताना स्वतःचं साधं, ठळक आकाराचं चित्र घेऊन जा. साहित्य फीमध्ये आहे का ते आधी विचारा. आणि शेवटचे दोन छाप शिक्षकांना हात लावू न देता, त्यांच्या समोर स्वतः काढा. कुठे चुकतं ते घरी जाण्याआधीच कळतं.